शाळांना पैसे नाहीत, पण स्टेडियमला आहेत? शिकागोतल्या ‘टिफ’चं गणित नेमकं काय आहे

मे २०१३. अमेरिकेतल्या शिकागो शहरात एकाच महिन्यात दोन बातम्या आल्या.

पहिली बातमी अशी की, शहराच्या शिक्षण मंडळाने सुमारे ५० सरकारी शाळा बंद करायचा निर्णय घेतला. कारण दिलं होतं पटसंख्या घटल्याचं आणि १०० कोटी डॉलरच्या तुटीचं. बंद होणाऱ्या बहुतेक शाळा कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या होत्या.

दुसरी बातमी होती मॅककॉर्मिक प्लेस या प्रदर्शन केंद्राजवळच्या प्रकल्पाची. तिथे एक मोठं हॉटेल आणि डीपॉल या खासगी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघासाठी स्टेडियम उभं राहणार होतं. त्यासाठी तेव्हाचे महापौर राम इमॅन्युएल यांनी जाहीर केलेल्या योजनेत साडेपाच कोटी डॉलर सार्वजनिक पैशातून येणार होते.

साहजिकच लोक रस्त्यावर उतरले. शाळेला कुलूप लावायचं आणि स्टेडियमला पैसे द्यायचे, हा कुठला न्याय, असा प्रश्न पालक आणि शिक्षक विचारत होते. महापालिकेचं उत्तर तांत्रिक होतं. हा पैसा शाळांचा नाहीच, तो ‘टिफ’चा आहे आणि तो फक्त त्या भागातल्या विकासासाठीच वापरता येतो, असं ते होतं.

हा ‘टिफ’ म्हणजे ‘टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग’. अमेरिकेतल्या ॲरिझोना सोडून बाकी सगळ्या राज्यांत तो कायद्याने वापरता येतो. हजारो पूल, मॉल, कारखाने आणि घरं त्यातून उभी राहिली आहेत. तरीही ज्यांच्या खिशातून हा पैसा जातो, त्यातल्या बऱ्याच जणांना तो जातोय हेच ठाऊक नसतं.

टिफ म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर टिफ म्हणजे उद्या वाढणाऱ्या घरपट्टीच्या भरवशावर आज केलेला खर्च.

शहराचा एखादा भाग मागे पडलेला असतो. रस्ते खराब, इमारती रिकाम्या, गुंतवणूक करायला कोणी तयार नाही. महापालिकेकडे तिथे ओतायला पैसे नसतात आणि नवीन कर लावला तर मतदार चिडतात. मग महापालिका नकाशावर त्या भागाभोवती एक रेघ मारते आणि त्याला टिफ क्षेत्र जाहीर करते.

त्या दिवशी त्या भागातल्या सगळ्या मालमत्तांचं करपात्र मूल्य जितकं असेल, तो झाला ‘पाया’. पुढची वीस-पंचवीस वर्षं हा पाया गोठवला जातो. पायावरचा कर पूर्वीसारखाच शाळा, महापालिका, काउंटी, उद्यान मंडळ अशा सगळ्यांना मिळत राहतो. मात्र त्यानंतर मूल्य वाढलं की वाढीवरचा सगळा कर एका वेगळ्या खात्यात जमा होतो. हे खातं फक्त त्या क्षेत्रासाठी असतं. त्यातून रस्ते, गटारं, पूल बांधता येतात, जुन्या इमारती दुरुस्त करता येतात, जमीन घेता येते किंवा बिल्डरला मदत देता येते.

म्हणजे नवीन कर लागत नाही आणि कराचा दरही थेट वाढवला जात नाही. विकास झाला की कर वाढतो आणि वाढलेला कर विकासाचा खर्च फेडतो. कागदावर हे इतकं नीटनेटकं दिसतं की नाही म्हणायला जागाच उरत नाही. खरी मेख आकड्यांत आहे.

एका उदाहरणातून पाहू

समजा, एका टिफ क्षेत्रातल्या मालमत्तांचं करपात्र मूल्य आहे १०० कोटी डॉलर आणि सगळे कर मिळून दर आहे २ टक्के. म्हणजे वर्षाला २ कोटी डॉलर कर जमा होतो.

दहा वर्षांनी मूल्य झालं १६० कोटी. आता कर जमा होतो ३ कोटी २० लाख. त्यातले २ कोटी पूर्वीप्रमाणे शाळा आणि इतर संस्थांना मिळतील. वरचे १ कोटी २० लाख टिफच्या खात्यात जातील.

इथे एक साधा प्रश्न आहे. टिफ नसता तर या भागाचं मूल्य १०० कोटींवरच थांबलं असतं का? दहा वर्षांत महागाईमुळे, शहर वाढल्यामुळे थोडी वाढ तशीही झाली असती. समजा ती ३० कोटींची असती. म्हणजे टिफच्या खात्यातल्या १ कोटी २० लाखांपैकी ६० लाख टिफमुळे आलेलेच नाहीत. ते तसेही येणार होते आणि शाळांना मिळणार होते. टिफने ते उचलले, इतकंच. याला मराठीत आयत्या बिळावर नागोबा म्हणतात.

टिफवरचा सगळा वाद या एका प्रश्नाभोवती फिरतो. टिफने वाढ घडवली, की जी वाढ होणारच होती ती फक्त आपल्या खात्यात वळवली?

कल्पना आली कुठून?

टिफचा जन्म कॅलिफोर्नियाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या केंद्र सरकारने जुन्या वस्त्यांच्या पुनर्विकासासाठी शहरांना अनुदान द्यायला सुरुवात केली होती. मात्र त्यात शहरांनी आपला वाटा घालायचा होता. हा वाटा आणायचा कुठून, यावर उपाय म्हणून १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी वाढीव कर वेगळा ठेवायला मंजुरी दिली.

पुढे केंद्राची अनुदानं आटत गेली, तसा टिफ देशभर पसरला. दिल्लीतून पैसा येणं बंद झाल्यावर महापालिकेने आपल्याच हद्दीत पैसा शोधावा, तसं काहीसं वॉशिंग्टन आणि अमेरिकी शहरांच्या बाबतीत झालं. इलिनॉय राज्याने १९७७ मध्ये टिफचा कायदा केला. शिकागो याच राज्यात येतं.

कायद्याच्या दोन अटी

कोणत्याही भागाला टिफ लावता येऊ नये म्हणून कायद्यात प्रामुख्याने दोन अटी आहेत.

पहिली अट, भाग मोडकळीला आलेला किंवा त्या वाटेवर असला पाहिजे. इलिनॉयमध्ये त्याची यादीच आहे. इमारतींची पडझड, रिकाम्या जागा, अपुरी गटारं, घटतं मूल्य असे निकष त्यात आहेत. निम्म्याहून जास्त इमारती ३५ वर्षांपेक्षा जुन्या असतील, तर यादीतले कमी निकष पूर्ण केले तरी चालतं. आता शिकागोसारख्या जुन्या शहरात ३५ वर्षांपेक्षा जुन्या इमारती कुठे नाहीत?

दुसरी अट अशी की, टिफ नसता तर हा विकास झालाच नसता, हे दाखवावं लागतं. ऐकायला कडक, पण सिद्ध करायला अशक्य आणि खोडून काढायलाही अशक्य. ‘मदत मिळाली नाही तर प्रकल्प होणार नाही’ असं बिल्डर सांगतो, सल्लागार तसा अहवाल देतो आणि नगरसेवक हात वर करतात. जे घडलं नाही ते घडलं असतं की नसतं, याचा पुरावा आणणार कुठून?

शिकागोत काय झालं?

शिकागोचं पहिलं टिफ क्षेत्र १९८४ मध्ये आलं, हॅरॉल्ड वॉशिंग्टन महापौर असताना. वॉशिंग्टन हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. हे क्षेत्र होतं शहराच्या अगदी मध्यभागी, ‘लूप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यापारी भागात.

तिथला ‘ब्लॉक ३७’ हा या सगळ्याचा केंद्रबिंदू होता. नव्या टॉवरसाठी १९८९ मध्ये त्या चौकातल्या जवळपास सगळ्या इमारती पाडल्या गेल्या. मग बाजार पडला, योजना बदलत गेल्या आणि शहरातली ही सोन्यासारखी जागा वर्षानुवर्षं मोकळी पडून राहिली. हिवाळ्यात तिथे बर्फावर स्केटिंग चालायचं, उन्हाळ्यात शाळकरी मुलांचे कलावर्ग भरायचे. मॉल उघडायला २००९ साल उजाडलं. तोवर ते टिफ क्षेत्र मुदत संपून बंदही झालं होतं.

याच क्षेत्राच्या पैशातून चांगलीही कामं झाली. लूपमधली जुनी नाट्यगृहं पुन्हा उभी राहिली. आज पर्यटक ज्याच्यासमोर फोटो काढतात, त्या मिलेनियम पार्कसाठी टिफमधून साडेनऊ कोटी डॉलर गेले. त्यामुळे टिफ म्हणजे सरळ चोरी, असं म्हणणंही बरोबर ठरणार नाही.

पुढे १९८९ ते २०११ असे बावीस वर्षं महापौर राहिलेल्या रिचर्ड एम. डेली यांच्या काळात टिफ क्षेत्रांची संख्या दीडशेच्या पुढे गेली. शहराचा मोठा भाग त्यात आला. फक्त पडक्या वस्त्याच नाही, तर २००६ मध्ये लासाल स्ट्रीटच्या परिसरालाही टिफ लागला. लासाल स्ट्रीट म्हणजे शिकागोची दलाल स्ट्रीट. बँका आणि शेअर-वायद्यांच्या बाजाराचा हा भाग ‘मोडकळीला आलेला’ कसा, असा प्रश्न विचारला गेला. त्या क्षेत्राच्या पैशातून युनायटेड एअरलाइन्सला आपलं मुख्यालय शहरात आणण्यासाठी मदत मंजूर झाली.

यातली गोम अशी आहे. जिथे जमिनीचे भाव आपोआप चढतात, तिथल्या टिफमध्ये पैसा धो धो येतो. जिथे खरोखर गरज आहे, तिथे भावच वाढत नाहीत, म्हणून टिफच्या खात्यातही काही जमत नाही. शहराच्या मध्यभागातल्या टिफकडे कोट्यवधी आणि दक्षिण-पश्चिमेकडच्या गरीब वस्त्यांमधल्या टिफकडे चिल्लर, अशी परिस्थिती झाली. शेजारशेजारच्या क्षेत्रांत पैसे फिरवायला कायदा परवानगी देतो, पण शहराच्या एका टोकाचा पैसा दुसऱ्या टोकाला थेट नेता येत नाही.

शिवाय हा पैसा नेहमीच्या अंदाजपत्रकाच्या बाहेर राहायचा. पत्रकार बेन जोराव्स्की यांनी ‘शिकागो रीडर’ या साप्ताहिकात वर्षानुवर्षं टिफवर लिहून हा विषय लोकांपर्यंत नेला. २००९ मध्ये टिफचे करार आणि अहवाल इंटरनेटवर टाकणं महापालिकेवर बंधनकारक झालं. मंजुरी, निधी आणि खर्च यावर नजर ठेवायला लोकांना तेव्हा कुठे वाव मिळाला.

मग शाळांचा पैसा जातो की नाही?

टिफचे समर्थक म्हणतात, शाळांचा एक डॉलरही जात नाही. विरोधक म्हणतात, शाळा लुटल्या जात आहेत. खरं उत्तर या दोन्हींच्या मधलं आहे आणि ते समजायला इलिनॉयची करपद्धत समजून घ्यावी लागते.

तिथे आधी दर ठरत नाही. आधी प्रत्येक संस्था वर्षाला किती रक्कम हवी ते ठरवते. मग ती रक्कम करपात्र मूल्याला भागली की दर निघतो. टिफमधलं वाढीव मूल्य या भागाकारात धरलंच जात नाही.

पुन्हा साधं उदाहरण. समजा सगळ्या संस्थांना मिळून हवेत २० कोटी डॉलर आणि करपात्र मूल्य आहे १००० कोटी. दर निघाला २ टक्के. टिफमध्ये अडकलेलं ६० कोटींचं वाढीव मूल्य मोजलं असतं, तर २० कोटी भागिले १०६०, म्हणजे दर साधारण १.८९ टक्के झाला असता. ज्याच्या घराचं करपात्र मूल्य ५ लाख डॉलर आहे, तो १० हजार डॉलर भरतो. टिफ नसता आणि वाढ तशीही झाली असती, तर त्याने सुमारे ९,४३४ डॉलर भरले असते. वरचे साडेपाचशे डॉलर त्याने टिफपायी भरले. तो टिफ क्षेत्रापासून वीस किलोमीटर लांब राहत असला तरी.

म्हणजे संस्थांना त्यांची ठरलेली रक्कम मिळाली. भार पडला इतर करदात्यांवर.

मग शाळांचं काहीच जात नाही का? जातं. कारण संस्थांनी मागायच्या रकमेवरही कायद्याची मर्यादा आहे. शिकागोच्या शाळांना ही रक्कम वर्षाला महागाईच्या दराइतकी किंवा ५ टक्के, यातलं जे कमी असेल तितकीच वाढवता येते. नवीन बांधकामावरचा कर या मर्यादेच्या वर घेता येतो. पण ते बांधकाम टिफ क्षेत्रात असेल, तर टिफ संपेपर्यंत तो मिळत नाही. शिकागोच्या मालमत्ता करातला निम्म्याहून अधिक हिस्सा शाळांचा असतो. त्यामुळे सगळ्यात मोठी कळ त्यांनाच लागते.

लिंकन यार्ड्स: वादाचा कळस

२०१९ मध्ये हा वाद शिगेला पोहोचला. शिकागो नदीच्या काठी, लिंकन पार्क आणि बकटाऊन या दोन श्रीमंत वस्त्यांच्या मध्ये, एका जुन्या पोलाद कारखान्याची जागा रिकामी झाली होती. तिथे ‘स्टर्लिंग बे’ कंपनीला टॉवर, कार्यालयं आणि घरांचा ‘लिंकन यार्ड्स’ हा प्रचंड प्रकल्प उभारायचा होता. महापालिकेने त्यासाठी व्याजासह १३० कोटी डॉलरपर्यंतचा टिफ प्रस्तावित केला. त्याच दिवशी ‘द ७८’ या दुसऱ्या प्रकल्पासाठी ११० कोटींपर्यंतचा प्रस्ताव होता. दोन्ही मिळून २४० कोटी डॉलर.

मतदान झालं १० एप्रिल २०१९ ला. महापौर इमॅन्युएल यांचा कार्यकाळ संपत आला होता आणि जेमतेम आठवडाभरापूर्वी लोरी लाइटफूट यांची नवीन महापौर म्हणून निवड झाली होती. तरीही दोन्ही प्रस्ताव मंजूर झाले. सामाजिक संघटना कोर्टात गेल्या. ज्या भागाचे भाव आधीच चढत आहेत तो मोडकळीला आलेला कसा, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

महापालिकेची बाजूही ऐकण्यासारखी होती. हा पैसा टॉवरसाठी नसून पूल, रस्ते आणि रेल्वे स्टेशनसाठी आहे. शिवाय बिल्डरने आधी स्वतःच्या खिशातून काम करायचं आणि कर वाढला तरच पैसे परत मिळणार, असं ठरलं होतं. म्हणजे धोका बिल्डरचा.

झालंही तसंच काहीसं. करोना आला, कार्यालयं ओस पडली, व्याजदर चढले आणि लिंकन यार्ड्स रखडला. २०२५ मध्ये जागेचा मोठा भाग कर्ज देणाऱ्या बँकेच्या ताब्यात गेला. करदात्यांचे कोट्यवधी बुडाले नाहीत, हे त्या अटीचं श्रेय. पण वचन दिलेले पूल आणि उद्यानंही झाली नाहीत.

सगळीकडे अशी अट नसते. बऱ्याच ठिकाणी शहरं आधी कर्जरोखे काढतात आणि वाढीव करातून ते फेडायचं ठरवतात. वाढ झालीच नाही तर? बाजारात तुरी, अशी गत होते. कर्ज मात्र खरं असतं.

अभ्यासक काय सांगतात?

टिफवर अमेरिकेत चाळीस वर्षांपासून संशोधन चालू आहे. रिचर्ड डाय आणि डेव्हिड मेरिमन या अर्थतज्ज्ञांनी २००० मध्ये शिकागो परिसरातल्या गावांची तुलना केली. टिफ स्वीकारलेल्या गावांची वाढ टिफ न घेतलेल्या गावांपेक्षा उलट कमी दिसली. टिफ क्षेत्राच्या आत वाढ होते, पण ती बाहेरून ओढून आणलेली असू शकते, असा त्याचा एक अर्थ. पलीकडच्या रस्त्यावरचं दुकान अलीकडे आलं, तर शहराचं काय वाढलं?

विल्यम लेस्टर यांनी २०१४ मध्ये खास शिकागोचा अभ्यास केला. टिफमुळे नोकऱ्या किंवा नवे व्यवसाय वाढल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मेरिमन यांनी २०१८ मध्ये लिंकन इन्स्टिट्यूटसाठी तीसहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. बहुतेक ठिकाणी टिफने आर्थिक विकासाचं आपलं उद्दिष्ट गाठल्याचं दिसत नाही, असा त्याचा सूर होता. मात्र टिफ बंदच करा असं त्यांनी म्हटलं नाही. माहिती खुली ठेवा, राज्य सरकारने देखरेख करावी आणि इतर संस्थांना बाहेर पडायची मुभा द्यावी, असं त्यांनी सुचवलं.

कॅलिफोर्नियाने दुकानच बंद केलं

जिथे टिफ जन्मला, तिथेच त्याला सगळ्यात मोठा धक्का बसला. कॅलिफोर्नियात टिफचा पैसा ‘पुनर्विकास संस्था’ हाताळायच्या. अशा सुमारे ४०० संस्था होत्या. २०१० च्या सुमारास राज्यातल्या एकूण मालमत्ता करातला जवळपास १२ टक्के हिस्सा त्यांच्याकडे जात होता. शाळांचा जेवढा कर तिकडे वळायचा, तो खड्डा राज्य सरकारला आपल्या तिजोरीतून भरावा लागायचा.

२०११ मध्ये राज्य प्रचंड तुटीत असताना गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी या संस्था गुंडाळायचा कायदा आणला. गंमत म्हणजे हेच ब्राउन ओकलंडचे महापौर असताना याच पैशाचा आधार घेत होते. शहरं सर्वोच्च न्यायालयात गेली, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. १ फेब्रुवारी २०१२ ला सगळ्या संस्था बंद झाल्या.

त्याचाही फटका बसला. या संस्थांना आपल्या वाढीव कराचा पाचवा हिस्सा परवडणाऱ्या घरांवर खर्च करावा लागायचा. तो झरा आटला आणि घरांची टंचाई असलेल्या राज्यात ते चांगलंच जाणवलं. नंतर कॅलिफोर्नियाने टिफची मर्यादित रूपं परत आणली, पण शाळांचा हिस्सा त्यातून वगळला.

नीट कुठे चाललं?

टिफ सगळ्यात समजण्यासारखा असतो तो सार्वजनिक वाहतुकीच्या बाबतीत. स्टेशन झालं की आजूबाजूचे भाव चढतात, हे सगळ्यांना दिसतं. मग त्या वाढीतूनच स्टेशनचा खर्च का काढू नये?

लंडनने हेच केलं. भुयारी रेल्वेची नॉर्दर्न लाइन बॅटरसीपर्यंत वाढवण्यासाठी सुमारे १०० कोटी पौंडांचं कर्ज घेतलं. ते फेडायचं त्या भागात नव्याने येणाऱ्या व्यवसायांच्या वाढीव करातून आणि बिल्डरांकडून घेतलेल्या रकमेतून. सप्टेंबर २०२१ मध्ये ही लाइन सुरू झाली.

शिकागोनेही २०१६ मध्ये राज्याच्या नव्या कायद्याखाली लोकल रेल्वेसाठी खास टिफ आणला. त्यात शाळांचा पूर्ण वाटा आधी बाजूला काढून शाळांनाच दिला जातो. उरलेल्यातला ८० टक्के रेल्वेला आणि २० टक्के इतर संस्थांना जातो. आधीच्या भांडणातून शिकून केलेला हा बदल आहे.

अटलांटात जुन्या रेल्वेमार्गांच्या ३५ किलोमीटरच्या वर्तुळावर पायवाटा, उद्यानं आणि घरं उभारणारा ‘बेल्टलाइन’ प्रकल्पही २००५ पासून टिफवर चालतो. तिथल्या पायवाटा लोकांना अतिशय आवडतात. पण मंदीत कर अपेक्षेइतका वाढला नाही, शाळांना कबूल केलेली रक्कम थकली आणि ते भांडण मिटायला २०१६ उजाडलं. शिवाय मार्गाजवळची घरं इतकी महागली की बऱ्याच जुन्या रहिवाशांना तिथे राहणं परवडेनासं झालं. भाव चढले तरच टिफ यशस्वी होतो, आणि भाव चढले की भाडेकरू उठतो.

शिकागो आता काय करतंय?

शहराची टिफमधली वार्षिक जमा आता १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. शिक्षक संघटनेने ‘हा पैसा परत करा’ ही मागणी लावून धरली आणि २०२३ मध्ये त्याच संघटनेत काम केलेले ब्रँडन जॉन्सन महापौर झाले.

टिफच्या खात्यात न वापरलेला पैसा ‘शिल्लक’ जाहीर केला, तर तो सगळ्या संस्थांना त्यांच्या हिश्शाप्रमाणे परत मिळतो. २०२५ च्या अंदाजपत्रकात शहराने ५७ कोटी डॉलर शिल्लक जाहीर केले. त्यातले निम्म्याहून अधिक शाळांना गेले. पण दरवर्षीच्या शिल्लकीवर शाळा आणि शहर दोन्ही विसंबून राहू लागले, तर ती कमी झाल्यावर काय, ही नवी चिंता आहे.

दुसरा बदल जास्त मोठा आहे. एप्रिल २०२४ मध्ये नगरसभेने १२५ कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले, घरांसाठी आणि छोट्या उद्योगांसाठी. ते फेडायचे जुन्या टिफ क्षेत्रांची मुदत संपू देऊन. क्षेत्र संपलं की गोठवलेलं मूल्य मोकळं होतं आणि त्यावरचा कर सगळ्यांना मिळायला लागतो. त्यातल्या शहराच्या वाट्यातून हप्ते भरायचे. याचा फायदा असा की हा पैसा नकाशावरच्या रेघेत अडकत नाही. जिथे गरज आहे, तिथे नेता येतो.

याचा महाराष्ट्राशी काय संबंध?

२०१७ मध्ये केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने ‘व्हॅल्यू कॅप्चर फायनान्स’चं धोरण आणलं. सार्वजनिक खर्चामुळे जमिनीचा भाव वाढला तर त्यातला काही वाटा सरकारने परत घ्यावा, हा त्यामागचा विचार. त्यात सुचवलेल्या मार्गांपैकी एक टिफ आहे.

महाराष्ट्रात आज यातले दुसरे मार्ग दिसतात. मेट्रोच्या शहरांत घर घेताना मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का मेट्रो अधिभार भरावा लागतो. जास्तीच्या एफएसआयसाठी बिल्डर प्रीमियम भरतात. टीडीआर तर सगळ्यांना माहीत आहे. यात पैसा एकदाच मिळतो, तोही बांधकाम किंवा व्यवहार होताना. टिफमध्ये तो दरवर्षी मिळतो.

मग इथे टिफ का नाही? कारण टिफ उभा आहे घरपट्टीवर आणि घरपट्टी भावाप्रमाणे वाढत गेली तरच त्यात काही जमतं. मुंबईत भांडवली मूल्यावर आधारित मालमत्ता कर २०१० पासून लागू आहे, पण त्यातली वाढ राजकीय कारणांनी वेळोवेळी लांबणीवर पडली. २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तर मालमत्ता कर माफ झाला. ज्या करात वाढच होऊ दिली जात नाही, त्या वाढीवर कर्ज काढणार कसं?

तरीही मेट्रो, रिंगरोड, पुनर्विकास यांच्यासाठी पैसा शोधताना महापालिका कधी ना कधी या वाटेकडे वळू शकतात. ‘नवा कर नाही, विकास स्वतःचा खर्च स्वतःच काढेल’ असं वाक्य तेव्हा कानावर पडेल. त्या वेळी नागरिकांनी पाच प्रश्न विचारायला हवेत.

१. हा भाग खरंच मागे पडलेला आहे का, की तिथले भाव आधीच चढत आहेत?

२. महागाईमुळे होणारी नेहमीची वाढ कोणाच्या खात्यात जाणार?

३. शाळा, दवाखाने, पाणी यांचा वाटा आधी बाजूला काढला आहे का?

४. कर वाढला नाही तर कर्ज कोण फेडणार, बिल्डर की महापालिका?

५. मुदत किती आहे आणि जमाखर्च दरवर्षी लोकांसमोर येणार का?

या पाचही प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली, तर टिफ हे उपयोगाचं साधन ठरू शकतं. ती न मिळताच नकाशावर रेघ मारली गेली, तर पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या रेघेचं बिल तिच्या बाहेर राहणारे लोक भरत राहतील.